शिष्य, शेजारी आणि शुभवर्तमान

संपादकांनी ह्या पुरवणीसाठी विषय सुचवला तो जरा बिचकतच. "तुमच्यात ते शुभवर्तमान सांगत फिरणे असते ना, ते नक्की काय असते? लिहा की एकदा," असे ते म्हणाले, आणि लगेच "राग नाही ना आला?" असेही त्यांनी विचारून घेतले. राग येण्यासारखे त्यात काही नव्हते. मी मूळचा अहमदनगरचा (आता अहिल्यानगर), तिसऱ्या पिढीतला मराठी ख्रिस्ती. श्टुटगार्टजवळ येऊन तीस वर्षे होऊन गेली. मंडळाच्या गणेशोत्सवात पंगत वाढायला मी असतो आणि नाताळात आमच्या घरच्या करंज्या संपवायला निम्मे मंडळ असते. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी सरळ विचारला नव्हता. आपण मराठी माणसे शेजाऱ्याला पगार विचारू, घरभाडे विचारू, पण श्रद्धेविषयी विचारायला ओशाळतो.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण बरेचसे गैरसमज शब्दांतच दडलेले असतात. चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना आम्ही 'मंडळी' म्हणतो. तेव्हा मी मंडळाचाही आहे आणि मंडळीचाही. (जुन्या मराठीत बायकोलाही 'मंडळी' म्हणत, तो तिसरा संबंध वेगळा!) धर्मगुरूला आम्ही 'पाळक' म्हणतो, म्हणजे मेंढरे पाळणारा. आणि 'शिष्य' हा शब्द तर सगळ्यांचाच. आपल्याकडे शिष्य गुरूच्या घरी राही, पाणी भरी, सरपण आणी आणि त्यातूनच शिकत असे. येशूचे शिष्यही पाटी-पुस्तक घेऊन बसलेले विद्यार्थी नव्हते. कोणी मासे धरणारा, कोणी जकात गोळा करणारा. हातातले काम टाकून ते त्याच्या मागोमाग गावोगाव हिंडले. पंढरीच्या वाटेवर पाय दुखवून घेतलेल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागू नये.

जर्मन भाषेत ह्या मागोमाग चालण्याला 'नाखफोल्गे' असा नेमका शब्द आहे. गंमत अशी की तोच धातू आपल्याला कचेरीतही रोज भेटतो. तुम्ही निवृत्त झालात की तुमच्या खुर्चीवर जो येऊन बसतो तो तुमचा 'नाखफोल्गर'. धर्मात मात्र नाखफोल्गरला खुर्ची मिळत नाही, असलेली सोडावी लागते. दुसरा शब्द 'बोटशाफ्ट'. पासपोर्टाच्या कामासाठी बर्लिनच्या भारतीय दूतावासाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना तो ठाऊक आहे. बोटशाफ्ट म्हणजे वकिलात, आणि बोटशाफ्ट म्हणजे निरोपही. शुभवर्तमानाला जर्मनमध्ये 'आनंदाचा निरोप' म्हणतात तेव्हा हाच शब्द येतो. संत पौलाने आपल्या पत्रात स्वतःला ख्रिस्ताचा वकील म्हटले आहे. हे वकील कोर्टातले नव्हेत, राजदरबारातले. परमुलखात राहणारा वकील काय करतो? तिथली भाषा शिकतो, तिथले कायदे पाळतो, आपल्या राजाचा निरोप आदबीने पोचवतो. समोरच्याला धरून आपल्या देशाचा नागरिक करून टाकणे हे त्याच्या अधिकारात नसते. मला स्वतःला ह्या विषयावरच्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा हा एक जर्मन शब्द जास्त उपयोगी पडला आहे.

'नाखफोल्गे' ह्याच नावाचे एक पुस्तक १९३७ साली निघाले. लेखक डीट्रिख बोनहोफर. हा तरुण पाळक त्या वेळी श्टेटीनजवळच्या फिंकेनवाल्डे येथे पाळकांचे एक प्रशिक्षण केंद्र चालवत होता. (श्टेटीन आता पोलंडमध्ये आहे.) हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकवायला नकार देणाऱ्या मंडळ्यांचे ते केंद्र होते आणि त्याच वर्षी गुप्त पोलिसांनी त्याला टाळे ठोकले. पुस्तकातला मुख्य विचार असा की देवाची कृपा फुकट मिळते म्हणून ती स्वस्त नसते. क्षमा हवी पण पश्चात्ताप नको, चर्च हवे पण चालणे नको, अशा कृपेला तो 'स्वस्त कृपा' म्हणतो. आजूबाजूला ज्यू शेजाऱ्यांची दुकाने फुटत असताना रविवारी नीटनेटके कपडे घालून स्तोत्रे गाणारी माणसे त्याच्या डोळ्यांपुढे होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे ह्या शब्दाची धार कळते.

आपल्या वाचकांना फारशी माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. बोनहोफरला हिंदुस्थानात यायचे होते. हिंसेशी शस्त्राशिवाय कसे लढावे आणि एकत्र राहून साधेपणाने कसे जगावे हे त्याला गांधीजींच्या आश्रमात राहून शिकायचे होते. १९३४ साली गांधीजींनी त्याला या म्हणून पत्रही लिहिले. पण पुढच्याच वर्षी फिंकेनवाल्डेची जबाबदारी अंगावर आली आणि तो बेत राहून गेला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा अर्थ विचारायला एक जर्मन पाळक एका हिंदू माणसाकडे निघाला होता! १९३९च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत सुरक्षित जाऊन पोचला होता, तेथून महिन्याभरात आपणहून परत आला. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिना उरला असताना, फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. वय ३९.

अमेरिकेहून परतण्याचा निर्णय घेताना त्याच्या मनाला ज्या गोष्टीने ढकलले तिच्यात रोज सकाळी वाचायच्या वचनांचाही भाग होता. ही वचने म्हणजे 'लोझुंगेन'. आपल्यापैकी कित्येकांनी शेजारच्या जर्मन आजीबाईंच्या स्वयंपाकघरात ही निळी चोपडी पाहिली असेल. सॅक्सनीतल्या हेर्नहूट ह्या लहानशा गावातून १७३१ पासून ती दरवर्षी निघते. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी जुन्या करारातले एक वचन चिठ्ठी टाकून काढतात आणि त्याला जुळेसे एक वचन नव्या करारातून निवडतात. दोन वचने, एखादी ओळ प्रार्थना, संपले. दात घासून झाल्यावर आणि बस पकडायच्या आधी होईल एवढेच. आमच्या घरी नगरहून आलेली मराठी बायबलाची जुनी प्रत आहे, तिच्यातून आम्ही तीच वचने शोधून वाचतो. दैनंदिन शिष्यत्व म्हणून जे म्हणतात त्यात सोवळ्यासारखे कडक असे काही नसते. दिवसाच्या तोंडाशी आपण कोणाच्या मागे निघालो आहोत ह्याची आठवण करायची, आणि संध्याकाळी, त्याच्या मागे किती राहिलो नि भलतीकडे किती भटकलो हे स्वतःला विचारायचे.

आता सांगण्याच्या, म्हणजे शुभवर्तमान दुसऱ्यापर्यंत पोचवण्याच्या गोष्टीकडे येतो. ह्या बाबतीत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा आदर्श म्हणजे रेव्हरंड टिळक.

१८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचा म्हणून सांगितले. टिळकांनी शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले. ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि मग त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या गोष्टीत सांगणाऱ्याचे काम किती थोडे आहे ते पाहा. एका प्रवासापुरती सोबत, एक पुस्तक, एक विनंती. बाकीचे दीड-दोन वर्षांचे काम वाचणाऱ्याच्या मनात झाले.

पण ह्या गोष्टीची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांना विचारलेले नव्हते. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या वाचकांना त्या ताटातुटीची वर्षे आठवत असतील. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनाने आणि आपल्या वेळेने. घरात कवी, वक्ता, कीर्तनकार असलेला नवरा, पण त्यांचे मन वळले ते वादाने नाही. सगळ्यांना एकाच देवाने घडवले असेल तर ही शिवाशिव कोणी घडवली, हा विचार त्यांना आतून सुचला. मला तर टिळकांच्या गाडीपेक्षा लक्ष्मीबाईंची ही पायवाट अधिक शिकवणारी वाटते. पुरुषमाणसे आपल्या श्रद्धेसाठी सर्वस्व सोडतात तेव्हा त्या सर्वस्वात बायकोमुलेही असतात, हे आमच्या मंडळीत अजून पुरेसे बोलले जात नाही.

टिळकांचे शेवटचे पर्व त्याहून विलक्षण. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला नि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. अट एकच, की येशूचे शिष्य म्हणून चालायचे. म्हणजे चर्चच्या वहीत नाव असणे आणि शिष्य असणे ह्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. पण त्यांची पदे आजही दर रविवारी आम्ही गातो, पेटी-तबल्यावर, आणि इथे श्टुटगार्टला पेटी नसली तर टाळ्या वाजवून.

आता कडू घोटही घेतला पाहिजे. शुभवर्तमानाचा इतिहास सगळा आगगाडीतल्या गोड गप्पांचा नाही. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' लिहिले आणि ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! मराठीवर इतके प्रेम करणारा परदेशी माणूस क्वचितच झाला असेल. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते, देवळे पाडली गेली होती आणि माणसे घरेदारे सोडून पळाली होती. ओवी आणि जुलूम एकाच राजवटीत, एकाच देवाच्या नावाने. ज्याच्या पणजोबांनी देवीची मूर्ती घेऊन रातोरात नदी ओलांडली, त्याने आमच्या 'निरोपा'कडे संशयाने पाहिले तर त्याला दोष कसा द्यावा?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात जो निर्णय दिला तो ह्या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. घटनेच्या २५व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला आहे. न्यायालयाने म्हटले की ह्यात आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला सांगण्याचा हक्क येतो, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा येत नाही. आमच्यातल्या पुष्कळांना हा निर्णय बोचतो, आणि अशा कायद्यांचा आधार घेऊन गरीब मंडळ्यांना छळले जाते तेव्हा मलाही त्रास होतो. पण मूळ मुद्द्यापुरते बोलायचे तर मन पालटणे हे माणसाचे काम नव्हे, देवाचे आहे, असे आमचे शास्त्रही म्हणते. वकिलाने निरोप द्यावा. उत्तर काय यावे हे त्याने ठरवू नये.

ह्याचे उत्तम उदाहरण आमच्या नगरातच आहे. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले परतले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या अहवालात त्यांचा आकडा धरायला जागा नव्हती. पण नगरच्या त्या शाळेत जे कोणी पेरले ते वाया गेले असे म्हणायची कोणाची छाती आहे?

जर्मनीतून आपल्याकडे गेलेल्यांची कथाही अशीच मिश्र आहे. हालेच्या संस्थेत शिकलेला त्सीगेनबाल्ग १७०६ साली तरंगमबाडीला उतरला, लहान मुलांच्या शाळेत मुलांबरोबर बसून तमिळ शिकला आणि १७१५ पर्यंत त्याने तमिळ नवा करार छापून काढला. तिथल्या लोकांच्या दैवतांविषयीही त्याने एक ग्रंथ लिहून हालेला धाडला. वरिष्ठांना तो मुळीच आवडला नाही. तुम्हांला तिकडची दैवते उखडायला पाठवले, इकडे त्यांची माहिती पसरवायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. ग्रंथ छापला गेला तो १८६७ साली. म्हणजे ज्याने शेजाऱ्याचे ऐकून घेतले, त्याचे ऐकायला घरचे दीडशे वर्षे तयार नव्हते.

आमच्या श्टुटगार्टपासून तासाभरावर काल्व नावाचे सुरेख गाव आहे. तिथे लोक हेर्मान हेसेचे जन्मघर पाहायला जातात. हेसेचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हे बासेल मिशनचे. त्यांनी केरळात मल्याळम शब्दकोश रचला. पण आपल्या लोकांना बासेल मिशन माहीत आहे ते मान वर करून. कोकणातल्या जुन्या घरांवरची मंगलोरी कौले! १८६५ साली मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. धर्म बदलला की जात सुटे, जात सुटली की धंदा सुटे, आणि मग ह्या माणसांनी खावे काय, हा अगदी रोकडा प्रश्न होता. त्यातून विणकाम आले, कौले आली. मालक मिशन आणि मजूर मंडळीतले, अशी व्यवस्था झाल्यावर श्रद्धा किती आणि रोजगार किती हे वेगळे काढणे अवघड होते, हेही खरे. तरी उपदेश करून हात झटकण्यापेक्षा कौले भाजणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

इथल्या आपल्या रोजच्या जगण्याकडे वळतो. जर्मनीत आल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवताना धर्माचा रकाना असतो. माझ्यासारखा भोळा माणूस तिथे 'एव्हांगेलिश' असे अभिमानाने लिहितो आणि महिन्याअखेर पगाराची चिठ्ठी पाहून चकित होतो. आयकराच्या ८ टक्के, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि बव्हेरियात. इतर राज्यांत ९. हा चर्चकर. नगरला दानपेटीत नाणे टाकताना आई हळूच माझ्या मुठीत ते ठेवीत असे, आणि इथे सरकारच कापून घेते! हा कर नको म्हणून चर्चमधून नाव काढणारे पुष्कळ आहेत. दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून आता ह्या देशाच्या निम्म्याहून कमी लोक भरतात. गंमत अशी की ज्यांच्या पणजोबांनी आमच्या पणजोबांना येशूचे नाव सांगितले, त्यांची पणतवंडे मला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत विचारतात, "तू खरेच हे मानतोस?"

तिथे मी काय करतो, एवढेच सांगता येईल. विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारले तर टाळत नाही. एक सहकारी सॅक्सनीतला, पूर्व जर्मनीत वाढलेला. धर्म म्हणजे आजोबांच्या माळ्यावरची अडगळ असे त्याचे मत. त्याची बायको दीर्घ आजारात गेली. दफनानंतर कामावर आला त्या दिवशी कोणालाच त्याच्याशी काय बोलावे कळेना, सगळे यंत्रांकडे पाहत राहिले. मी त्याच्याबरोबर कँटीनमध्ये बसलो आणि डाळ-भाताचा डबा अर्धा करून दिला. आठवड्याभराने त्यानेच विचारले, "तू तिच्यासाठी प्रार्थना केलीस का?" मी हो म्हणालो. "मला काही त्यातले समजत नाही," तो म्हणाला, "पण करत राहा." तो आजही चर्चला जात नाही. आम्ही अजून एकत्र जेवतो.

मुलांची गोष्ट मात्र घराघरातली आहे, म्हणून थोडे विस्ताराने. आपली मुले किंडरगार्टनमध्ये गेली की ११ नोव्हेंबरला कागदी कंदील घेऊन संत मार्टिनच्या मिरवणुकीत निघतात. अर्धा झगा कापून भिकाऱ्याला देणाऱ्या शिपायाची ती गोष्ट. ६ डिसेंबरला बुटात खाऊ सापडतो. हिंदू घरातल्या आई-बाबांना कधीकधी चिंता वाटते, मुलगा 'त्यांच्यात' जातो की काय. तेव्हा कायदा माहीत असलेला बरा. शाळेतल्या धर्मशिक्षणाला मुलाला बसवायचे की नाही हे आईबाप ठरवतात आणि नको असेल तर बऱ्याच ठिकाणी नीतिशिक्षणाचा तास असतो. १९२१च्या कायद्याप्रमाणे बारा वर्षे पुरी झाल्यावर मुलाचा धर्म त्याच्या इच्छेविरुद्ध बदलता येत नाही आणि चौदाव्या वर्षापासून तो स्वतःच ठरवतो. शाळेतल्या तासाबाबत बव्हेरिया आणि झारलांडचे नियम निराळे आहेत, तेवढे तिथल्यांनी विचारून घ्यावे.

ही चौदाची अट दोन्हीकडून कापते. आमच्या मुलीने चौदाव्या वर्षी सांगितले की ती 'कोन्फिर्मात्सिओन', म्हणजे आपल्याकडचे दृढीकरण, घेणार नाही. बरोबरीच्या मुली नव्या झग्यांसाठी आणि पैशांच्या पाकिटांसाठी घेतात, तिला तसे करायचे नव्हते. नगरहून माझ्या आईचा फोन आला. तिने शेजारणीला सलाम करायलाही तोंड उरले नाही, असे काहीसे म्हटले. मी मुलीला एवढेच विचारले की सकाळच्या वचनांना बसशील का? ती बसली, पुढेही कित्येक वर्षे बसत राहिली. आता ती हांबुर्गला असते, निर्वासितांच्या मुलांना जर्मन शिकवते. चर्चच्या वहीत तिची पुढची पायरी अजून कोरी आहे. टिळकांच्या दरबारात तिला जागा मिळाली असती, असे मी आईला म्हणत असे. आईला ते कधी पटले नाही.

माझी बायको गेली काही वर्षे 'ग्रुने दामेन'मध्ये आहे. हिरवा डगला घालून इस्पितळात रुग्णांना भेटणाऱ्या ह्या स्वयंसेवकांची चळवळ १९६९ साली प्रोटेस्टंट बायकांनी सुरू केली. आता त्यात पुरुषही असतात. कोणाला चष्मा शोधून द्यावा, कोणाचे पत्र टाकावे, कोणाजवळ नुसते बसावे. धर्माचा उपदेश आपणहून करायचा नाही, हा तिथला दंडक. दोन वर्षांपूर्वी मंडळातून तिला फोन आला. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी पडल्या होत्या, मांडीचे हाड मोडले होते. मुलगा-सून कामावर, आजींना जर्मनचा गंधही नाही, आणि संध्याकाळ झाली की त्या कावऱ्याबावऱ्या होत. बायको जाऊन बसू लागली. तिसऱ्या दिवशी आजींनी विचारले, "तुला हरिपाठ येतो का गं?" हिला थोडा येत होता, नगरला वाड्यात शेजारी वारकऱ्यांचे घर होते. बाकीचा तिने पुस्तकातून वाचून दाखवला. रोज संध्याकाळी, दहा-बारा दिवस.

आमच्या मंडळीतल्या एका भावाने नंतर विचारले, हे बरोबर झाले का, आपण साक्ष द्यायची की दुसऱ्याच देवाचे नाव घ्यायचे? प्रश्न खोटा नाही. बायकोने त्याला सांगितले, "त्यांना जे हवे होते ते मी वाचले. माझे काय ते त्यांनी विचारले तेव्हा सांगितले."

विचारले होते ते शेवटच्या दिवशी. "तुमच्यात झोपताना काय म्हणतात?" असे आजी म्हणाल्या. तेव्हा तिने प्रभूची प्रार्थना मराठीतून म्हटली. ऐकता ऐकता आजींना डोळा लागला. परिचारिका दिवा मालवायला आली, तिने खुणेनेच विचारले की संपले का, आणि बायको डगला काढून सव्वाआठची एस-बान धरायला बाहेर पडली.